क्षेत्र महाग असल्याचे सिद्ध करण्याबाबत

शासनाने एके दिवशी मान्य केले की हिंजवडीच्या आसपास राहायला पैसे लागतात.

तिथल्या लोकांना ही गोष्ट आधीपासून ठाऊक होती. पण शासनाला ती ठाऊक व्हायला दोन समित्या, एक उपसमिती आणि उपसमितीचा एक परदेश दौरा लागला. तोपर्यंत कागदोपत्री परिस्थिती अशी होती: हिंजवडीला लागून असलेले माण हे गाव. गाव म्हणजे ग्रामपंचायत. ग्रामपंचायत म्हणजे ओढ्याकाठची वस्ती, परसात भाजी आणि शेजारणीकडून आलेले ताक. अशा ठिकाणी नेमलेल्या पोलिसाला शहराच्या दराने घरभाडे भत्ता देणे म्हणजे तिजोरीवर दरोडाच, आणि तोही पोलिसाने घातलेला. त्या ओढ्याकाठी आता तेवीस मजली इमारती उभ्या आहेत आणि ताक पिशवीत बंद होऊन पंचवीस रुपयांना मिळते, हे कागदाला कळायचे काही कारण नव्हते. कागद हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये कधी अडकलेला नाही.

खिंडवस्ती चौकीचे हवालदार ज्योतीराम घोगरे मात्र त्यात रोज अडकत, आणि अडकलेल्यांना सोडवायचे काम पुन्हा त्यांच्याकडेच होते. घोगरे धाराशिवकडचे. नोकरीला एकवीस वर्षे झालेली. राहायला ताथवड्यात, घरमालक नानासाहेबांच्या चार इमारतींपैकी सर्वांत जुन्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर. एक खोली, एक स्वयंपाकघर आणि हात लांब केला की शेजारच्या इमारतीला लागेल अशी गॅलरी. भाडे चौदा हजार. या घराचा गुण एकच होता. त्यांच्या स्नेहलचे इंजिनिअरिंग कॉलेज तिथून चालत सात मिनिटांवर होते. पोरगी सकाळी आठला निघे आणि आठ वाजून सात मिनिटांनी वर्गात असे. या सात मिनिटांसाठी घोगरे पगारातला बराच मोठा भाग दर महिन्याला नानासाहेबांच्या हातावर ठेवत आणि त्यांना त्याचे काही वाटत नसे.

घोगऱ्यांना एक खोड होती. ते पैसे खात नसत. त्यात तत्त्वबित्त्व काही नव्हते. नोकरीच्या पहिल्या वर्षी त्यांनी एकदा पन्नास रुपये घेतले होते, तेव्हा आठ दिवस पोट बिघडले आणि औषधाला एकशेवीस रुपये गेले. व्यवहार परवडेना म्हणून त्यांनी तो नाद सोडला. पुढे पुढे तर नाक्यावरचा चहासुद्धा नको म्हणून कस्तुरा, म्हणजे त्यांची बायको, थर्मास भरून देऊ लागली. सहकारी त्यांना आजारी समजत आणि सांभाळून घेत.

तर असे असताना तो शासन निर्णय आला. ‘महागड्या क्षेत्रातील कायदा व सुव्यवस्था कर्मचाऱ्यांना विशेष भत्ता’, दरमहा रुपये सात हजार. चौकीत तो मोठ्याने वाचला गेला. कलम एक ते तीनपर्यंत सगळे आनंदात होते. कलम चारमध्ये म्हटले होते की क्षेत्र महाग असल्याचे संबंधित कर्मचाऱ्याने स्वतः पुराव्यानिशी सिद्ध करावे, ऐकीव महागाई ग्राह्य धरली जाणार नाही. कलम पाचमध्ये पुढे होते की पुराव्यादाखल करावयाची खरेदी पूर्ण गणवेशात करावी. साध्या वेशातली खरेदी ही त्या इसमाची खासगी हौस समजण्यात येईल.

कलम पाच ऐकून बाकीच्यांनी अर्ज करायचा विचार सोडला. वर्दीत खरेदी म्हणजे काय, हे त्यांना अनुभवाने माहीत होते. घोगऱ्यांना तो अनुभव नव्हता, म्हणून त्यांनी अर्ज केला.

संध्याकाळी घरी पोचतात तो नानासाहेब दारात. धोतर, पांढरी टोपी, हातात पेपर.

“हवालदार, पेढं आणा, पेढं! भत्ता लागू झाला तुमास्नी.”

“नानासाहेब, नुसतं पेपरात आलंय. अजून हातात काही नाही.”

“येतंय की. सरकार कुटं पळून चाललंय व्हय? म्हून म्हनलं, येत्या एक तारखेपासनं भाडं एकवीस करू. वरचं सात तुमच्या खिशातनं न्हाई, सरकारच्या खिशातनं. आमी काय तुमच्या वाईटावर हाय का?”

“आणि भत्ता नाही आला तर?”

नानासाहेबांना खरोखर वाईट वाटलेले दिसले. “मंग काय, एक आयटीतलं जोडपं चार दिस झालं जिन्यात घिरट्या घालतंय. दोगं कमावत्यात. कुत्रं हाय त्यांचं, पर भाडं टायमाला देत्यात. तीस तारखंला सांजच्याला सांगा मला. घाई न्हाई.”

बाजारात तुरी अन् भट भटणीला मारी, अशी म्हण आहे. इथे तुरी बाजारात यायच्या आतच नानासाहेबांनी वरण संपवून ताट घासायला टाकले होते.

“घर सोडायचं नाही,” कस्तुरा म्हणाली. “पोरीचं कॉलेज सात मिनिटांवर आहे. दुसरीकडं गेलो तर दोन दोन तास बसमध्ये जातील तिचे, मग अभ्यास काय उभ्यानं करावा का? अहो, महाग आहे हे सिद्ध करायला काय लागतंय? हातच्या काकणाला आरसा कशाला?”

“आरसा नको,” घोगरे म्हणाले. “पावती पाहिजे.”

दुसऱ्या दिवशी सकाळी इस्त्रीची वर्दी घालून, टोपी नीट बसवून घोगरे मेट्रोच्या खांबाखाली युसुफच्या चहाच्या गाडीवर गेले. युसुफने लगबगीने स्पेशल चहा पुढे केला. घोगऱ्यांनी तो प्यायला, खिशातून वीस रुपयांची नोट काढली आणि फळीवर ठेवली.

युसुफ नोटेकडे पाहत राहिला. “साहेब, हे काय?”

“पैसे.”

“कशाचे?”

“चहाचे. आणि बिल दे, सही करून.”

युसुफने गॅस बंद केला. त्याचा आवाज खाली आला. “साहेब, काय चुकलं माझं? लायसनचा कागद भरून दिलाय. सिलिंडरपण मागं सरकवलाय.”

“अरे, काही चुकलं नाही. मला चहा महाग लागल्याचा पुरावा पाहिजे.”

“बारा वर्षं झाली साहेब. वर्दीकडनं एक रुपया घेतला नाय मी. अब्बा गाडी लावायचे तवा त्यांनीपण नाय घेतला. आन् आज तुम्ही स्वतःहून देताय, वर सही मागताय...” त्याच्या डोळ्यांत पाणी आले. “खरं सांगा साहेब. गाडी उचलायची ऑर्डर आलीय ना?”

घोगऱ्यांनी परोपरीने समजावले. जितके समजावले तितका युसुफ घाबरत गेला. शेवटी त्याने नोट परत घोगऱ्यांच्या खिशात कोंबली, सोबत बिस्किटाचा पुडा दिला आणि गाडी ढकलत निघून गेला. केळीवाल्याकडे तेच झाले. मोबाइलची कव्हरे विकणाऱ्याने तर पैसे पाहून हात वर केले.

दुपारपर्यंत बातमी हिंजवडी आयटी पार्कच्या पहिल्या फेजपासून माणच्या वेशीपर्यंत पोचली: पोलीस पैसे द्यायला लागलेत. अशी गोष्ट पूर्वी कधी झालेली नसल्यामुळे तिचा अर्थ लोकांनी आपापल्या परीने लावला, आणि तो सगळीकडे सारखाच निघाला. काहीतरी फार मोठे येणार. संध्याकाळच्या आत रस्त्यावरची एकूण एक हातगाडी, टपरी, रसाचे गुऱ्हाळ आणि कपड्यांचा ढीग नाहीसा झाला. इतक्या वर्षांत प्रथमच हिंजवडीकरांना दिसले की आपला रस्ता चार पदरी आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी हाहाकार उडाला. दीड तासाचा प्रवास अकरा मिनिटांत संपल्यामुळे हजारो लोक कंपन्यांच्या बंद फाटकांपुढे येऊन उभे राहिले. कॅबमध्ये झोप पूर्ण करणाऱ्यांची झोप अर्धवट राहिली. एका इंजिनिअरला आपण काहीतरी विसरलो आहोत अशी शंका आली, म्हणून तो परत घरी गेला आणि पुन्हा आला, तरी वेळ उरलाच. वेळ उरल्यामुळे मॅनेजर लोकांनी जादा मीटिंगा घेतल्या आणि कामे रखडली.

वरिष्ठांनी घोगऱ्यांना बोलावून घेतले. अतिक्रमण निर्मूलनातील अतुलनीय कामगिरीबद्दल त्यांना प्रशस्तिपत्र देण्यात आले. फ्रेम स्वखर्चाने करायची होती. फ्रेमवाल्याने पैसे घेतले नाहीत.

पण पुरावा तर पाहिजे होता, आणि महिन्याचे बारा दिवस संपले होते. घोगरे युसुफच्या घरी गेले. युसुफ आतून कडी लावून बसला होता.

“भाई, परत ये,” घोगरे दाराबाहेरून म्हणाले. “मी पैसे देणार नाही. शपथ घेतो.”

“पक्कं?”

“पक्कं. एक रुपया देणार नाही.”

तेव्हा कुठे बाजार परत बसला, रस्ता तुंबला आणि लोकांच्या जिवात जीव आला.

यानंतर महागडे क्षेत्र निश्चिती कक्षाचे पडताळणी अधिकारी सोपानराव स्वतः आले. कर्मचाऱ्याला पावत्या गोळा करता न आल्यास कक्षाने जागेवर जाऊन पंचनामा करावा अशी तरतूद होती. सोपानराव सौम्य, स्वच्छ आणि तंतोतंत गृहस्थ होते. त्यांच्या बगलेत रजिस्टर, खिशात तीन रंगांची पेने आणि सोबत दोन पंच होते.

“घोगरे, तुम्ही वर्दीत माझ्याबरोबर चला,” ते म्हणाले. “वस्तू मागा. समोरचा काय घेतो ते मी लिहितो. त्यापुढे माझं काही मत नाही.”

युसुफने चहा दिला. सोपानरावांनी विचारले, “किती झाले?” युसुफने घोगऱ्यांकडे पाहिले, त्यांची शपथ आठवली आणि हसून मान हलवली. रजिस्टरमध्ये नोंद झाली: चहा, नग चार, दर शून्य. पुढे वडापाव, दर शून्य, चटणीसह. केळी एक डझन, दर शून्य. विक्रेत्याने आपखुशीने दोन अधिक दिली, सबब प्रत्यक्ष दर शून्याहून कमी. सलूनमध्ये घोगऱ्यांचे केस कापले गेले आणि डोके चेपून देण्यात आले. ते पाहून सोपानरावांनीही खुर्चीत बसून तपासणी केली आणि दर शून्य असल्याची स्वतः खात्री करून घेतली.

“सव्वीस वर्षं मी राज्यभर भाव काढत फिरतोय,” ते टॉवेलमधून म्हणाले. “इतकी स्वस्ताई मी कुठं पाहिली नाही.”

“साहेब, ही स्वस्ताई माझी नाही हो, वर्दीची आहे,” घोगरे कळवळून म्हणाले.

“भत्तासुद्धा वर्दीलाच आहे,” सोपानराव म्हणाले.

राहता राहिले घर. तिथे तरी चौदा हजार दिसणारच होते. घोगरे मोठ्या आशेने सोपानरावांना नानासाहेबांकडे घेऊन गेले. नानासाहेब बंगल्याच्या ओट्यावर बसले होते. त्यांनी रजिस्टर पाहिले, तीन रंगांची पेने पाहिली, दोन पंच पाहिले. गेली नऊ वर्षे ते सगळे भाडे रोखीत घेत, करार कोणाशी करत नसत, आणि वरचे दोन मजले कुठल्याच नकाशात नव्हते.

“हवालदार घोगरे आपल्याला भाडं किती देतात?” सोपानरावांनी विचारले.

“भाडं?” नानासाहेब टोपी सावरत म्हणाले. “कसलं भाडं? घोगरे म्हंजी आमच्या घरातलं मानूस. पाव्हन्याकडनं कोन भाडं घेतं का?”

“म्हणजे फुकट राहतात?”

“फुकाट म्हंजी, मायेनं ऱ्हात्यात.”

सोपानरावांनी लिहिले: निवास, दर शून्य, मायेसह.

“नानासाहेब!” घोगरे ओरडलेच. “दर पाच तारखेला चौदा हजार मोजून देतो मी तुम्हाला!”

नानासाहेबांनी सोपानरावांकडे पाहून डोळे मिचकावले. “लई थट्टेखोर हाय आमचं हवालदार.”

आठवड्याने अहवाल आला. खिंडवस्ती चौकीचे कार्यक्षेत्र राज्यातले सर्वांत स्वस्त क्षेत्र ठरले होते. विशेष भत्ता नामंजूर. शिवाय कर्मचारी विनामूल्य निवासाचा लाभ घेत असल्यामुळे आजवर मिळालेला घरभाडे भत्ता वसूल का करू नये, याचा खुलासा मागवला होता. घोगऱ्यांनी खुलासा केला की मी भाडे देतो, आणि बाजारात पैसे द्यायला गेलो तर कोणी घेत नाही. त्यावर उलट टपाली उत्तर आले. आपण पैसे देता असे म्हणत असाल, तर पंचनामा खोटा ठरतो आणि शासकीय कामात अडथळा आणल्याचा गुन्हा होतो. देत नाही असे म्हणत असाल, तर लाच घेतल्याचा गुन्हा होतो. दोन्हींपैकी सोयीचा पर्याय तीन दिवसांत कळवावा.

घोगऱ्यांनी ते पत्र कस्तुराला वाचून दाखवले. एकवीस वर्षांत त्यांच्या डोळ्यांत तिने पाणी पाहिले नव्हते, ते त्या दिवशी पाहिले.

“भीक नको पण कुत्रं आवर, असं झालं हे,” ती म्हणाली. “अहो, तुमच्या त्या साहेबांना म्हणावं, वर्दीला काय विचारताय, माणसांना विचारा. इथल्या कोणालाही विचारा, हितं स्वस्त काय आहे?”

बाईमाणूस असूनही तिने अपिलाचा मुद्दा अचूक काढला होता, असे मी लिहिणार होतो. पण ते वाक्य ऐकून ती मला थर्मास फेकून मारेल, आणि थर्माससुद्धा आता महागले आहेत. मुद्दा तिचाच होता. घोगऱ्यांनी तसाच लिहिला, आणि कक्षाने नागरिकांचे सर्वेक्षण मान्य केले.

सर्वेक्षणाचा फलक चौकातल्या सिग्नलला लावला. मोबाइल धरला की प्रश्नावली उघडे. चौकात गाडी सरासरी चाळीस मिनिटे उभी राहत असल्यामुळे प्रतिसाद अफाट मिळाला. नाव लिहायचे नव्हते, म्हणून लोकांनी मन मोकळे केले. घरभाडे किती, भाजी किती, शाळेची फी किती, सगळे खरे खरे लिहिले. घोगरे रोज आकडे पाहत आणि फुलत. क्षेत्र महाग होते! चार हजार तीनशे माणसे तसे सांगत होती!

शेवटचा प्रश्न सोपानरावांनी सर्वसमावेशकतेसाठी घातला होता: आपण पोलिसांना महिन्याकाठी किती देता? हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये चाळीस मिनिटे उभ्या असलेल्या माणसाला असा प्रश्न विचारू नये. ज्यांनी दिले होते त्यांनी दुप्पट लिहिले. ज्यांनी कधीच दिले नव्हते त्यांनी शेजाऱ्याने दिलेले लिहिले. एकाने गेल्या पिढीतले धरले. सगळ्याची बेरीज करून पोलिसांच्या संख्येने भागली, तेव्हा प्रत्येकाच्या वाट्याला दरमहा एक लाख चौदा हजार आले.

“अभिनंदन, घोगरे,” सोपानराव फोनवर म्हणाले.

“साहेब, मी एक पैसा घेतलेला नाही!”

“तुम्ही घेतला असं मी कुठं म्हणतोय? सरासरी म्हणते.”

आणि तरीही, ऐका, शासन अगदीच पाषाणहृदयी नसते. तीस तारखेला सकाळी नऊ वाजता घोगऱ्यांच्या हातात अंतिम आदेश पडला. भत्ता मंजूर! मात्र पोलिसांना देण्याची नागरिकांची उत्कट इच्छा लक्षात घेता, तो तिजोरीतून न देता नागरिकांकडूनच, पण पावतीने घ्यावा. म्हणजे हवालदारांनी आज स्वतः केलेल्या दंडापैकी सायंकाळी सहापर्यंत प्रत्यक्ष जमा झालेली रक्कम सात हजार भरली, तर भत्ता या महिन्यापासून कायम. त्याहून एक रुपया जरी कमी भरला, तर क्षेत्र महाग नसल्याचे नागरिकांनीच मान्य केले असे समजून योजना कायमची बंद.

घोगऱ्यांना हसू आवरेना. सात हजार! महिन्याला लाख लाख देणारी माणसे ही, आणि एका दिवसात सात हजार! शिवाय दंड खोटा करायचा नव्हता, शोधायलाही जायचे नव्हते. या चौकात नुसते उभे राहिले तरी गुन्हे अंगावर येऊन आदळत. त्यांनी कस्तुराला फोन करून सांगितले, “नानासाहेबाला निरोप दे, कुत्रं दुसरीकडं बघ म्हणावं.” आणि दंडाच्या पावतीचा मेसेज मोबाइलवर धाडणारे मशीन घेऊन ते चौकात उभे राहिले.

पहिला आला तो मोटरसायकलवाला, हेल्मेट कोपरात अडकवलेले. “सर, पावती कशाला? हे ठेवा.” त्याच्या मुठीत घडी केलेली नोट होती.

“नोट नको. पाचशेची पावती घ्या आणि मोबाइलवरनं लगेच भरा.”

“भरू की नंतर. पण सर, तुम्ही ना, उगाच ताणताय.”

पुढे एक बाई, उलट्या दिशेने आलेल्या गाडीत. “हे बघा, मी सोसायटीच्या ग्रुपवर भ्रष्टाचाराविरुद्ध सगळ्यात जास्त लिहिते. तेव्हा मला नियम शिकवू नका. पटकन काय ते घ्या, माझी मीटिंग आहे.”

“बाई, पावती...”

“पावतीला वेळ लागतो!”

असे अडीचशे जण आले. अडीचशे जणांनी विचारले की काही मिटवता येईल का. दुपारी तीनपर्यंत घोगऱ्यांनी सव्वा लाखाच्या पावत्या केल्या होत्या. नाकारलेल्या नोटा मोजल्या असत्या तर दोन महिन्यांचे भाडे निघाले असते, आणि तेही नव्या दराने. प्रत्यक्ष जमा झाले होते दोन हजार. ऊन डोक्यावर होते आणि थर्मास रिकामा झाला होता. ते एकेकाला अक्षरशः हात जोडू लागले. “साहेब, आत्ता भरा ना. माझं काम आहे हो.” हात जोडणारा पोलीस पाहून लोकांना वाटे की हा जास्त मागतोय.

पाच वाजता युसुफ मुद्दाम डोक्यावरचे हेल्मेट काढून, ते हातात धरून, मोपेड घेऊन समोर आला. “करा माझी पावती साहेब.” आणि तिथेच मोबाइल काढून त्याने पाचशे भरले. त्याने केळीवाला आणला, कव्हरवाला आणला, सलूनवाला आणला, आणखी पाच टपरीवाले आणले. एरवी वर्दीकडून पैसे न घेणारी ती सगळी माणसे ओळीने हेल्मेट काढून उभी राहिली आणि भरून गेली. पावणेसहाला सहा हजार पाचशे जमा झाले.

“मी आनखी एकदा काढू का हेल्मेट?” युसुफने विचारले.

“एका दिवसात एकच, भाई. मशीन घेत नाही.”

फक्त पाचशे. एक माणूस. घोगरे रस्त्याच्या मधोमध उभे राहून येणाऱ्या गाड्यांकडे पाहत होते, आणि नवल म्हणजे त्या सात मिनिटांत सगळे नियमाने चालले होते. पाच वाजून बावन्न मिनिटांनी नो एन्ट्रीतून एक गाडी आली. घोगऱ्यांनी धावत जाऊन ती थांबवली. चालकाने काच खाली केली. नोट काढली नाही, वाद घातला नाही, ओळख सांगितली नाही.

“चूक माझीच आहे,” तो म्हणाला. “करा पावती. तुम्हा लोकांचंही अवघडच असतं म्हणा.”

“साहेब, आत्ताच भराल ना? सहाच्या आत?”

“भरतो की. पुढं गाडी बाजूला लावून लगेच भरतो. दोन मिनिटांचं काम.”

दिवसभरात पहिल्यांदा कोणी माणसासारखे बोलले होते. घोगऱ्यांना इतके भरून आले की त्यांनी त्याला कडक सलाम ठोकला आणि त्याच्यासाठी अख्खा चौक थांबवून गाडी पुढे काढून दिली. मग ते आणि युसुफ मशीनच्या पडद्याकडे पाहत उभे राहिले. पाच पंचावन्न. पाच अठ्ठावन्न. सहा.

दुसऱ्या दिवशी सकाळी टेम्पो भरला. घोगरे आता चाकणच्या पलीकडे एका वस्तीवर राहतात. स्नेहल पहाटे पाचला निघते आणि दुसऱ्या तासाला वर्गात पोचते. ताथवड्याच्या त्या गॅलरीत हल्ली एक केसाळ कुत्रे उभे असते. योजना बंद झाल्याबद्दल पेपरात चार ओळी आल्या होत्या, त्याखाली पोलिसांच्या भ्रष्टाचारावर वाचकांची पत्रे होती, ती चांगली होती.

गाडीचा नंबर घोगऱ्यांना पाठ आहे, पण ते कोणाला सांगत नाहीत. युसुफने खोदून विचारले तेव्हा एवढेच म्हणाले की माणूस चांगला होता, कामात विसरला असेल. मला मात्र राहवत नाही, म्हणून विचारतो. तीस तारखेला पाच वाजून बावन्न मिनिटांनी तुमच्या मोबाइलवर एक मेसेज आला होता. पाचशेचा. तो अजून तसाच आहे ना?